डाव्या पायाचा ब्रेक

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही एकोणसाठ वर्षांच्या आहात. केस पांढरे झालेत, उजवा गुडघा थोडा कुरकुरतोय आणि तुम्ही एका नव्याकोऱ्या लाल मोटारसायकलवर बसला आहात. हँडलला झेंडूचा हार आहे. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंय. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलंय. शोरूमच्या दारात मॅनेजर, त्यांचे दोन मेकॅनिक, तुमची सून आणि तुमची नात उभे आहेत आणि सगळे तुमच्याकडेच बघताहेत, कारण त्या शोरूममधून आजवर एकाही आजीनं मोटारसायकल चालवत नेलेली नाही. आता किक मारा. क्लच दाबा, पहिला गिअर टाका. लिंबू फुटलं. टाळ्या झाल्या. फाटक दहा पावलांवर आहे आणि फाटकाबाहेर उसाच्या रसाचा गाडा उभा आहे. थांबायचंय. सांगा, कुठला पाय दाबाल?

मी डावा दाबला.

गाडी थांबायचं सोडून दुसऱ्या गिअरमध्ये गेली आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि गाडी, रसाच्या गाड्याशेजारी रचलेल्या उसाच्या मोळ्यांत जाऊन उभ्या राहिलो. लागलं कुणाला नाही. एक मोळी सुटली तेवढीच. रसवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, ऊस पायजे हुता तर सांगायचं. आणून दिला असता."

असं का झालं ते सांगते. मी गाडी शिकले ती माझ्या नवऱ्याच्या बुलेटवर. ते गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि माझी शाळा डोंगरातल्या एका वाडीवर होती, जिथं एसटी जात नव्हती. साडीचा काचा मारून मी ती बुलेट नऊ वर्षं चालवली. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असायचा आणि ब्रेक डाव्या. पुढं माझी बदली गावातल्याच शाळेत झाली, बुलेट विकली गेली आणि मी बावीस वर्षं दुचाकीला हात लावला नाही. तेवढ्यात सगळं उलटं होऊन बसलं. नव्या गाड्यांचा गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. मला हे माहीत होतं. शोरूममधल्या माणसानं दोनदा बजावलंही होतं. पण ते त्यानं माझ्या डोक्याला सांगितलं होतं. पायाला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजर धावत आले. आमचा माणूस गाडी घरपोच करेल म्हणाले. मी त्यांना सांगितलं की चौतीस वर्षं मी पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवलंय, आणि पहिल्यांदा चुकतं ते विसाव्यांदा बरोबर येतं हे मला चांगलं ठाऊक आहे. मोळी बांधून दिली, रसवाल्याची माफी मागितली आणि गडहिंग्लजपासून आमच्या गावापर्यंतचे अकरा किलोमीटर मी दुसऱ्या गिअरमध्ये, कडेकडेनं आले. सून आणि नात वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन सुटणाऱ्या, जीपनं आल्या आणि माझ्या आधी पोचून, चहा पिऊन मोकळ्या झाल्या होत्या.

आता या वयात गाडी कशाला, असं तुम्ही विचाराल. गावानंही विचारलं. ती माझ्या नातीसाठी होती. तनुजा तिचं नाव, आम्ही तनू म्हणायचो. वय साडेनऊ, चौथी संपत आलेली. गडहिंग्लजला एक चांगली शाळा होती आणि पाचवीत प्रवेशासाठी तिथं लेखी परीक्षा घ्यायचे. तनूला त्या शाळेत जायचं होतं. हट्टानं नाही, ती हट्ट करणारी पोर नव्हतीच, पण त्या शाळेत पुस्तकांची एक आख्खी खोली आहे हे कुणीतरी तिला सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती दर दोन-चार दिवसांनी त्या खोलीबद्दल एखादा प्रश्न विचारायची. खिडकी आहे का तिथं? एका वेळी किती पुस्तकं देतात?

शाळा सव्वासातला भरायची. पहिली एसटी आठनंतरची. माझा मुलगा, म्हणजे तनूचा बाप, नोकरीनं पुण्यात. सून भारती अंगणवाडीत होती, तिला सकाळी गाव सोडता येत नव्हतं. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही हे सगळ्यांना माहीत. तेव्हा दोनच गोष्टी व्हायला हव्या होत्या. मला गाडी यायला हवी होती, आणि तनूचा पेपर पुरा व्हायला हवा होता. दोन्हींसाठी अकरा दिवस होते.

पेपर पुरा व्हायला हवा असं म्हटलं, कारण तो होत नव्हता. चाळीस प्रश्न, दीड तास. मी सरावाचे पेपर काढून देत होते आणि प्रत्येक वेळी शेवटचे आठ-नऊ प्रश्न कोरे राहत होते. तोंडी विचारले तर सगळ्यांची उत्तरं तिला येत. लिहायला गेली की तिची चाल माझ्या दुसऱ्या गिअरसारखी.

त्याचं कारणही मला माहीत होतं आणि इलाजही. तनू डावखुरी होती. दुसरीत असल्यापासून मी तिचा हात बदलत होते. रागानं नाही, कधी एक चापट मारली नाही. माझी एक पद्धत होती. लिहायला बसायच्या आधी मूल डावखुरं असेल तर त्याच्या डाव्या मनगटाला एक मऊ रिबीन बांधायची आणि दुसरं टोक बाकाला. हात उठला की रिबीन हलकेच ओढते, मुलाला आठवतं. बास. चौतीस वर्षांत मी अशी चौदा मुलं उजव्या हातावर आणली होती आणि मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या गावचे लोकही स्वतःहून पोरं घेऊन यायचे. तनू पंधरावी. तिच्यात वेळ लागतोय, पण येईल, असं मी भारतीला सांगत होते. भारती मान डोलवायची. शाळेच्या गोष्टीत ती माझ्या शब्दाबाहेर नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मी गाडी शाळेच्या मैदानावर नेऊ लागले. तनू व्हरांड्याच्या पायरीवर पाटी घेऊन बसायची. मी एका टोकाकडून यायचं, मध्ये तिनं ठेवलेल्या विटेपाशी थांबायचं. डावा पाय चुकून उठला की तिनं पाटीवर एक रेघ मारायची. ही कल्पना माझीच. चुका मोजल्या की त्या कमी होतात, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं.

पहिल्या संध्याकाळी एकोणीस रेघा झाल्या. काय व्हायचं, गिअर बदलायला जावं तर उजवा पाय पुढं यायचा आणि गाडी कचकन थांबायची. थांबायला जावं तर डावा पाय गिअर पाडायचा आणि गाडी विटेवरून पुढं. मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत बसली. त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, तुम्ही थांबणार म्हणताय तवा आमी पळायचं, न्हवं?" मी त्याला पळायलाच सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी तनू पायरीवरून उठून माझ्याजवळ आली. तिच्या हातात लाल रिबीन होती, तिच्याच वेणीची.

"पाय पुढं कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"डावा. बांधते. गाडीला नाही बांधत, पडशील. नुसती पायाला. डावा उठला की तुला आठवंल." तिनं माझ्या घोट्यावर रिबीन गुंडाळली, फुलाची गाठ मारली आणि दोन बोटं आत घालून बघितली, घट्ट तर नाही ना. मी तिच्या मनगटाला बांधताना अगदी तसंच बघत असे. "तू सांगितलंयस ना, बांधलं की तो शहाणा होतो."

मला फार बरं वाटलं. शिकवणाऱ्याला याहून काय हवं? आपली पद्धत पोरीनं उचलली होती, समजून उचलली होती. मी गाडी चालू केली. त्या संध्याकाळी अकरा रेघा झाल्या, तिसऱ्या दिवशी सहा, पाचव्या दिवशी एक. रिबीन बघून क्रिकेटवाल्या पोरांनी मला एक नावही ठेवलं, ते काही मी इथं सांगत नाही.

तनूचा पेपर मात्र आठ प्रश्नांवर अडला होता. आठच्या खाली येईना.

सातव्या दिवशी, म्हणजे परीक्षेला चार दिवस असताना, मी भारतीला म्हटलं की आता तनूला मागं बसवून कालव्यापर्यंत जाऊन येते. भारतीनं कणीक मळता मळता एकदा माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "आत्ती, नक्की?" आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. मी म्हटलं, कालपासून एकही रेघ नाही. ते खरं होतं. ती म्हणाली, मग जावा, पण सावकाश.

गाडी छान चालली होती. तिसरा गिअर, मोकळा रस्ता, दोन्हीकडे तोडलेला ऊस. तनू मागून पुस्तकांच्या खोलीबद्दल काहीतरी विचारत होती. मी उत्तर देत होते. कालव्याच्या वळणावर एक रेडकू उसाच्या पाल्यातून उड्या मारत थेट रस्त्यावर आलं.

माझा डावा पाय उठला आणि सगळ्या ताकदीनं खाली गेला. चौथा गिअर पडला. मी हँडल वळवलं, रेडकू वाचलं आणि आम्ही रस्त्यावरून उतरून कडेच्या कोरड्या पाटात गेलो. गाडी डाव्या अंगावर आडवी झाली, तनू ढेकळांत बसल्यासारखी पडली, मी तिच्या शेजारी. रेडकू थोडा वेळ आमच्याकडे बघत उभं राहिलं, मग गेलं.

मी आधी तिला चाचपून बघितलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. माझं कोपर सोललं होतं. तनू रडली नाही. तिनं आपल्या रुमालानं माझं कोपर पुसलं आणि माझ्या घोट्याकडे बघितलं. रिबीन जागच्या जागी होती, फुलाची गाठही तशीच.

"आजी, तुला येत होतं की," ती म्हणाली.

"येतं गं. घाबरले म्हणून झालं."

"हां. घाबरलं की डावाच येतो." मग अगदी साधेपणानं, जणू आम्ही दोघी एकाच वर्गातल्या आहोत अशी, सांगू लागली. "मला पेपरात असंच होतं. हळू लिहिताना काही नाही. पण वेळ थोडा उरला की डावा आधी उठतो. मग त्याला खाली बसवायचं. मग उजव्याला सांगायचं, आता तू लिही. तोवर उत्तर कुठपर्यंत आलेलं ते विसरतं. मग परत वाचायचं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू म्हणायचीस, येईल."

गाडी उचलली. डावीकडचा गिअरचा दांडा वाकून आत गेला होता, लेगगार्ड चेपलं होतं. दोघींनी मिळून ती ढकलत गावात आणली आणि बाबालालच्या गॅरेजवर उभी केली.

बाबालाल मुल्लाणी माझाच विद्यार्थी. पहिली ते चौथी माझ्याकडे होता. चौदांपैकी पाचवा किंवा सहावा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा मिस्त्री नव्हता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. त्यानं आम्हाला बाकड्यावर बसवलं, तनूच्या गुडघ्याला हळद लावायला दिली, काय झालं ते सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत कामाला लागला.

मी त्याला म्हटलं, "बाबालाल, एक काम कर. याचा ब्रेक डावीकडे घेऊन दे मला. आणि गिअर उजवीकडे. माझ्या पायाला जे येतंय ते येतंय. तीस वर्षांपूर्वीचं वळण आहे ते."

तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "न्हाई जमायचं बाई. ते कारखान्यातनंच तसं येतंय. गिअरचा दांडा त्या अंगाला, ब्रेकची तार ह्या अंगाला. ओढूनताणून बसवलं तर चालंल चार दिवस, मग ऐन वेळी दगा दिईल. गाडी बदलायची न्हाई. पाय बदलायचा."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तो चेपलेलं लेगगार्ड ठोकून सरळ करत होता. हातोडा डाव्या हातात होता. मऊ, नेमके घाव पडत होते, जितका हवा तितकाच जोर.

"हातोडा डाव्या हातात धरतोस?"

"हातोडा डावाच की. पाना डावा, पकड डावी." तो हसला. "तुम्ही माझी पेन्सिल तेवढी उजव्या हातात दिली हुती."

"मग लिहितोस उजव्यानं?"

"लिवतच न्हाई बाई." हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कुणी आपल्याला वांगं सोसत नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं. "चिठ्ठी लागली कुणाला तर बायको लिहून देती. सही करायची झाली तर आधी जरा दम घेतो. सातवीपतूर रेटलं, पन पेपर काय पुरा व्हायचा न्हाई. सगळं यायचं आन् निम्मं कोरं राहायचं. मग आब्बांनी हिकडं बसवलं." त्यानं लेगगार्ड डोळ्यासमोर धरून बाक गेला का बघितलं. "तुमचा राग न्हाई हं. तुम्ही कदी मारलं न्हाई. शेजारच्या वर्गात डाव्या हातावर पट्ट्या पडायच्या."

मी बाकड्यावर बसून होते. वडिलांचं गॅरेज होतं म्हणून पोरगा शाळेतून गेला, असंच मी इतकी वर्षं समजत होते. कुणी विचारलं तर तसंच सांगतही होते.

तनू हळदीचं बोट हवेत धरून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाबालालमामा, पेन्सिल पण कारखान्यातनं उजव्या हाताची येते का?"

बाबालालचा हातोडा थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उत्तर त्याला येत होतं. पण पंचविशी उलटलेला बाप्या असूनही बाईंच्या देखत ते द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो खाली बघून गिअरचा दांडा उगाच पुसू लागला.

"नाही," मी म्हटलं. "पेन्सिल कुठल्याही हातात बसते."

कालव्याकडे निघण्याआधी तनू घरी लिहीत होती, त्यामुळे तिच्या मनगटावर रिबीन होती, बाकाचं टोक सोडून कोपराशी गुंडाळलेली. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि गाठ सोडू लागले. दोन वर्षं रोज तीच गाठ मारत होते, पण त्या दिवशी सुटेना. बाबालालनं पकड पुढं केली. शेवटी दातांनी सोडवली.

भारतीला मी सगळं सांगितलं. पडल्याचं आणि गॅरेजमधलंही. तिनं तनूचा गुडघा बघितला, माझं कोपर बघितलं, आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "ती रांगत होती तवापासनं मला माहीत हुतं आत्ती, ती डावरी हाय म्हणून. माझी आईपण डावरीच. भाकरी असली थापायची की गावात नाव हुतं. पन तुम्ही शाळेतल्या. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतंय."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

तिनं हात पुसले. मग एक अट घातली. तनूला पेपराला मीच न्यायचं, पण त्याआधी शनिवारी ती स्वतः मागं बसणार. आणि माझी परीक्षा ती घेणार.

राहिलेल्या दिवसांत मी पायाची रिबीन काढून टाकली आणि दुसरा उपाय केला. वळण मोडायचं तर बांधून ठेवून मोडत नाही, त्या जागी नवं वळण बसवावं लागतं, एवढं मला शिकवण्यातलं कळत होतं. रोज सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा, गाडी बंद ठेवून, डोळे मिटून, नुसता उजवा पाय. भाजी चिरताना उजवा पाय. देवापुढं बसल्यावर उजवा पाय. कोंबडी आडवी आली, उजवा. मांजर आलं, उजवा. शेजारीण काही विचारायला आली तरी पाय दाबला जायचा. तिनं भारतीला बाजूला घेऊन विचारलं, आत्तींना कंप सुटलाय का.

तनू मात्र माझ्यासमोर उजव्या हातानंच लिहीत राहिली. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं की तुला हवा तो हात वापर. तिनं मान डोलवली आणि पेन्सिल पुन्हा उजव्या हातात घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पुन्हा बोलले नाही. दोन वर्षं रोज सांगितलेलं दोन दिवसांत कसं पुसायचं, आणि पुसायला सांगणारीही मीच. त्या दोन्ही दिवशी आठ-आठ प्रश्न राहिले.

शनिवारी भारती माझ्या मागं बसली. पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, चला. कालव्याच्या रस्त्यावर तिनं मला बोलण्यात गुंतवलं. अंगणवाडीतल्या पोरांच्या गमती सांगितल्या, मुलाचं पुण्याचं पत्र सांगितलं, आणि मी हसत असताना मध्येच कानात ओरडली, "थांबा."

उजवा पाय गेला. गाडी थांबली.

दहा वेळा तिनं असं केलं. उतारावर केलं, वळणावर केलं, एकदा तर मी शिंकत असताना केलं. दहाही वेळा गाडी थांबली. घराशी उतरल्यावर म्हणाली, "उद्या सहाला निघा. सातच्या आत पोचाल." आणि आत जाऊन तिनं तनूच्या दप्तरात दोन पेन्सिली, खोडरबर आणि लाडूची पुडी भरली.

रविवारी रस्ता मोकळा होता. तनू माझ्या कमरेला धरून बसली होती. हत्तरगी फाट्यापाशी एक ट्रॅक्टर अचानक वळला आणि मी अशी नीट थांबले की तनूला कळलंही नाही. ती तेराचा पाढा म्हणत होती, तो तिनं तसाच पुढं चालू ठेवला.

शाळेच्या आवारात पन्नासेक मुलं होती, त्यांचे आईबाप होते. घंटा झाली. तनू दोन पावलं गेली आणि परत आली.

"आजी, तिथल्या बाई रागावतील का?"

कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. "रागावल्या तर सांग, बाहेर माझी आजी उभी आहे. तिच्याशी बोला म्हणावं."

"तू आत येशील?"

"येईन. हेल्मेटसकट येईन."

ती हसली आणि गेली.

पालकांना व्हरांड्यात थांबू देत नव्हते, पण आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाखालून तिच्या वर्गाची खिडकी दिसत होती. तिसऱ्या बाकावर ती बसली होती. पेपर वाटले गेले. तिनं पेन्सिल उजव्या हातात घेतली. अक्षरं तिथून दिसत नव्हती, पण तिच्या हाताची चाल मला पाठ होती. तिनं पेपराच्या वरच्या ओळीत आपलं नाव लिहायला सुरुवात केली, हळूहळू, एकेक अक्षर गोल, वळणदार, मी दोन वर्षं घटवून घेतलेलं. तनुजा. मग वडिलांचं नाव. मग आडनाव. शेवटच्या अक्षरावर नीट रेघ ओढली. पेन्सिल खाली ठेवली आणि लिहिलेल्या नावाकडे एकदा बघितलं.

मग तिनं पेपर उजव्या अंगाला तिरका सरकवला, पेन्सिल डाव्या हातानं उचलली, मान खाली घातली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लागली.